४७ नंबरची दोन टोकनं

फावल्या वेळात मी गो भाषेत टोकन देणारं एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलंय, सोर्स कोड सगळ्यांना खुला. एक दिवस एका दवाखान्यातून फोन आला, "अहो, ४७ नंबरचे दोन पेशंट भांडतायत." एक खिडकी होती तोवर असं कधी झालं नव्हतं. दुसरी सुरू झाली आणि दोघींनी एकाच क्षणी ४६ वाचला, एक मिळवला, ४७ छापला.

असा बग सापडला की मधे स्लीप (प्रोग्रॅमला क्षणभर थांबवणारी ओळ) घालू नका. मी घातला होता. बग दिसेना, मी खुशाल चहाला गेलो. लॉग छापणारी एक ओळ घातली तरी वेळेचं गणित बदलतं आणि बग दडी मारतो.

आधी तो हुकमी घडवायला शिका. टेस्टमध्ये शंभर गोरुटीन (गोमधली एकाच वेळी चालणारी कामं) एका चॅनेलपाशी (त्यांच्यातली निरोपाची वाट) अडवून ठेवा आणि चॅनेल बंद करून सगळ्यांना एकदम सोडा. टोकनं गोळा करा. एकही नंबर दुबार आला की टेस्ट नापास. मग 'गो टेस्ट -रेस -काउंट=१००' चालवा. '-रेस'ने रेस डिटेक्टर सुरू होतो, म्हणजे एकाच डेटावर एकदम हात घालणारा कोड पकडणारं साधन. तो गोसोबतच येतो. त्याने प्रोग्रॅम दोन ते वीस पट रेंगाळतो, त्यामुळे तो टेस्टपुरताच.

डिटेक्टरने कोणी वाचलं, कोणी लिहिलं, त्या ओळी नेमक्या दाखवल्या. मी वाचणाऱ्या फंक्शनला म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) लावला, लिहिणाऱ्यालाही तोच, पण स्वतंत्रपणे लावला. डिटेक्टर गप्प! टेस्ट मात्र अजून नापास. वाचून लॉक सोडला आणि लिहायला पुन्हा घेतला, तर मधल्या फटीत दुसरी खिडकी शिरते. मेमरीला कोणी विनालॉक हात लावतंय का, एवढंच डिटेक्टर बघतो. वाचणं, मिळवणं, लिहिणं हे मिळून एकच काम आहे हे त्याला कुठून कळणार? तिन्हींभोवती एकच लॉक हवा, आणि तो सोडायला डिफर (फंक्शन संपताना आपोआप चालणारी ओळ). नुसता आकडा वाढवायचा असता तर अॅटॉमिकने (एका दमात होणाऱ्या, न तुटणाऱ्या क्रियेने) भागलं असतं, पण मला तो फाइलमध्येही लिहायचा होता.

ही फट मला दिसलीच नव्हती. नापास टेस्ट रेपोत (कोडच्या खुल्या साठ्यात) टाकली होती, ती पाहून एका अनोळखी माणसाने दाखवली. म्हणून अर्धवट असलं तरी काम उघड्यावर ठेवा, आणि फसलेला उपायही कमिट संदेशात, म्हणजे बदल नोंदवतानाच्या टिपेत, लिहा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला 'डर्टी काऊ' हाही असाच शर्यतीचा (रेसचा) बग. २०१६ मध्ये तो दुरुस्त करताना लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कमिटमध्येच लिहून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी आपण तो दुरुस्त करायला गेलो होतो, नीट जमलं नव्हतं, आणि एस३९० (आयबीएमचे मोठे संगणक) वरच्या अडचणींमुळे ती दुरुस्ती मागे घेतली गेली.

अपवाद दोन. बगमधून कोणी सिस्टिममध्ये घुसू शकत असेल तर आधी खासगीत कळवा, दुरुस्ती आली की जाहीर करा. आणि पेशंटच्या फोन नंबरांचा लॉग चुकूनही कमिट करू नका. पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी इतिहासात तो राहतोच.

लायसन्सची फाइल विसरू नका. ती नसेल तर कोड दिसतो, वापरायचा हक्क मिळत नाही. प्रत्येक आवृत्तीला टॅग, म्हणजे तिची ओळख सांगणारं नाव, द्या. मी तो आता स्क्रीनच्या कोपऱ्यात छापतो, म्हणजे फोन आला की आधी तेवढंच विचारतो.