कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल: प्रकल्पाला हात घालण्याआधी या चुका टाळा

पुण्यात रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं आणि भोसरी-चाकणचे छोटे उद्योजक हल्ली या विषयाबद्दल आवर्जून विचारतात. विषय कल्पनेतला नाही. एक टन युरिया बनवताना सुमारे ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो आणि हे दशकानुदशकं चालू आहे. या वायूपासून मिथेनॉल (इंधन आणि रसायनांचा कच्चा माल म्हणून चालणारं अल्कोहोल) बनवणारा जॉर्ज ओला कारखाना आइसलँडमध्ये २०१२ मध्ये सुरू झाला. तरीही आपल्याकडचे बरेच प्रस्ताव पहिल्याच पानावर चुकतात.

फुकटच्या वायूवर हिशेब मांडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक टन मिथेनॉलसाठी सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड लागतो, पण त्याबरोबर जवळपास १९० किलो हायड्रोजनही लागतो. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते. म्हणजे टनामागे साधारण दहा हजार युनिट! आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दीड टनही वापरायचा नाही आणि त्यासाठी सात टन सोडायचा, असा हा उलटा व्यवहार होतो. शिवाय मिथेनॉल जाळलं की वापरलेला वायूही परत हवेत. त्यामुळे आधी वीज कुठून येणार ते लिहा. ‘सोलर लावू’ एवढ्यावर भागत नाही. रात्री रिअ‍ॅक्टरला हायड्रोजन कुठून द्यायचा, त्याची साठवण कितीची, हे त्याच तक्त्यात हवं.

जवळचं सोडून धुराड्यामागे धावणं

कोळशाच्या बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १० ते १५ टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. आणि आपल्या जिल्ह्यात बारामती-इंदापूरकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी आहेत. मळी आंबवताना एक टन इथेनॉलमागे जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध. सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. फक्त डिस्टिलरी वर्षातले किती दिवस चालते ते आधी विचारून घ्या.

पण शुद्ध म्हणून हा वायू तसाच आत सोडू नका. त्यात अल्कोहोलची वाफ, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि थोडं हायड्रोजन सल्फाइड असतं. मिथेनॉलची अभिक्रिया घडवून आणणारा तांबं-झिंकचा उत्प्रेरक (कॅटॅलिस्ट) या सल्फाइडमधल्या गंधकाने कायमचा मरतो. उत्पादन हळूहळू उतरायला लागलं की लोक तापमान वाढवतात. त्याने तांब्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि उरलीसुरली ताकदही जाते. आधी गंधक तपासा आणि झिंक ऑक्साइडचा गार्ड बेड, म्हणजे उत्प्रेरकाआधी गंधक शोषून घेणारा थर, संपलाय का ते बघा.

हायड्रोजन वेगळा न बनवता कार्बन डायऑक्साइडवर थेट विजेने प्रक्रिया करणारे सेलही असतात; त्यांचं दुखणं वेगळं. काही तासांनी कॅथोडमागे (ऋण टोकामागे) पांढरा थर दिसतो, वायूचा दाब वाढतो आणि उत्पादनाऐवजी हायड्रोजनच जास्त निघू लागतो. तो थर पोटॅशियमच्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा असतो. इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं क्षारांचं द्रावण) पातळ करा, अधूनमधून पाण्याने धुऊन काढा.

कोरी चाचणी न करणं

क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) मिथेनॉलचा इवलासा शेंडा (पीक) दिसला की आनंद होतो. पण त्या मिथेनॉलमधला कार्बन हा उत्प्रेरक बनवताना राहिलेल्या द्रावकातून किंवा रबरी सीलमधूनही आलेला असू शकतो. तोच प्रयोग कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन लावून करा. शेंडा तरीही दिसला तर निष्कर्ष रद्द. प्रबंध किंवा पेटंटसाठी कार्बन-१३ (कार्बनचा जरा जड, ओळखता येणारा प्रकार) असलेला वायू वापरून पुरावा द्यावा.

प्रवाह वरखाली होतोय? सिलिंडरचा रेग्युलेटर हाताने बघा. बर्फ जमला असेल तर वायू प्रसरताना होणाऱ्या थंडाव्याने तो आतून चोंदतोय. हीटर बसवलेला रेग्युलेटर लावा.

आणि गळतीचा सेन्सर छताला नको. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो, खड्ड्यात आणि तळघरात साचतो आणि त्याला वास नाही. सेन्सर जमिनीपासून फूट-दीड फुटावर बसवा. शेडमध्ये टाकीसाठी खड्डा केला असेल, तर एक तिथेही.