मोठ्या गॅपनंतर पुन्हा पदवीला: आधी कागद, मग हजेरी, मग हात

एफवाय अर्धवट सोडून पंधरा-वीस वर्षं झाली की माणसाला अभ्यासाची धास्ती वाटते. प्रत्यक्षात पहिले दोन महिने छळतो तो प्रवेशाचा फॉर्म. गेल्या वर्षी बारावी झालेल्या मुलाला समोर ठेवून तो बनवलेला असतो. त्यामुळे जूनची वाट न पाहता फेब्रुवारी-मार्चमध्येच कागद काढायला बसा.

पहिलं काम नावाचं. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, हा नेहमीचा घोळ. पुरुषांचंही वडिलांचं नाव आधारवरून गळालेलं असतं किंवा स्पेलिंग वेगळं असतं. एबीसी आयडी, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक, डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून, आधारच्या नावाने निघतो. कॉलेज मात्र बारावीची गुणपत्रिका पाहून नाव भरतं. दोन्ही जुळली नाहीत की पुढे अडतं. लग्नानंतरचं नाव लावायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडून राजपत्रात नाव बदलून घ्या. राजपत्रामुळे जुनी गुणपत्रिका बदलत नाही, म्हणून त्याची प्रत प्रत्येक अर्जाला जोडावी लागते. पदवीवर कोणतं नाव हवं हे पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी ठरवा. निकालानंतरची दुरुस्ती फार रखडते.

मुक्त किंवा दूरस्थ शिक्षण घेणार असाल तर डीईबी आयडीही (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, आणि तो एबीसी आयडीशिवाय निघत नाही. म्हणजे क्रम असा: आधारवरचं नाव, डिजिलॉकर, एबीसी, डीईबी, मग प्रवेशाचा फॉर्म. शेवटच्या तारखेला सायबर कॅफेत बसून हे सगळं एका दमात होत नाही.

दुसरी अडचण मूळ दाखल्याची. पूर्वी जिथे प्रवेश घेतला होता तिथेच तो पडून असतो. त्या कॉलेजात जाऊन टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, मागा. जाताना जुनी फीची पावती, ओळखपत्र, हजेरी क्रमांक, जे सापडेल ते न्या, कारण वर्ष आणि तुकडी कळल्याशिवाय क्लार्कला रजिस्टर सापडत नाही. विद्यापीठ बदलत असाल तर जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्रही लागेल. त्याच विद्यापीठात परतत असाल तर जुना पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) शोधून तोच द्या. नवा काढला की एका माणसाची दोन खाती होतात आणि निकाल राखीव राहू शकतो. गॅपच्या प्रतिज्ञापत्रात दर वर्षाचा हिशेब द्यायची गरज नसते. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत कुठेही प्रवेश घेतला नव्हता आणि त्या काळात काय करत होतो, एवढं पुरतं. ते साध्या कागदावर चालेल की मुद्रांकावर हवं, हे प्रवेश कक्षात आधी विचारा आणि मगच खर्च करा.

नियमित कॉलेज की मुक्त विद्यापीठ, याचा निर्णय हजेरीवर करा. नियमित कॉलेजात साधारण ७५ टक्के हजेरी लागते. सकाळच्या सत्राचं कॉलेज असेल तर दुपारची नोकरी सांभाळून जमतं. ‘सर समजून घेतील’ या भरवशावर मात्र प्रवेश घेऊ नका. एलएलबीला तर पळवाटच नाही. ती दूरस्थ पद्धतीने करता येत नाही आणि बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के हजेरी सांगितलेली आहे. सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) घेतलं तर हजेरीचा जाच कमी, पण स्वतःला हाकावं लागतं. इग्नूत बीएला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात, आणि ही ढील पाहूनच लोक गाळात जातात. तिथे नेहमी चुकतं ते असाइनमेंट. प्रश्नसंच सत्रागणिक बदलतो. कुणीतरी ग्रुपवर टाकलेला जुना संच सोडवला तर ती मेहनत वाया जाते. प्रश्नपत्रिकेवर छापलेलं सत्र वाचल्याशिवाय पेन उचलू नका, आणि जमा केल्याची पावती फोटो काढून ठेवा.

नियमित कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुल्या निवडीचा विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा विषय) अशी अक्षरांची रांग दिसेल. घाबरू नका, पण ओई निवडताना वेळापत्रक हातात घेऊनच निवडा. ती दुसऱ्या विद्याशाखेची असते आणि तिचे तास बरेचदा भलत्या वेळी पडतात. एमएच्या दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) असतं, म्हणजे १२० तास. आपल्या नोकरीच्या ठिकाणी ते चालेल का, हे विभागप्रमुखांना पहिल्याच महिन्यात लेखी विचारा. अंतर्गत गुणांच्या तारखा व्हॉट्सअॅप ग्रुपवरच येतात, तेव्हा वर्गप्रतिनिधीचा नंबर पहिल्या दिवशी घ्या. मुलं ‘काकू’ किंवा ‘सर’ म्हणतील; म्हणू द्या. नोट्स त्यांच्याकडूनच मिळणार आहेत.

उरला हात. बरीच वर्षं फक्त सही करणारी बोटं दोन तासांच्या पेपरला दुखून येतात, आणि येत असलेलं उत्तर अर्धवट राहतं. परीक्षेच्या आठ आठवडे आधीपासून रोज लिहा: सुरुवातीला १५ मिनिटं, मग दर आठवड्याला १० मिनिटं वाढवत चला. ६० गुणांचा पेपर दोन तासांचा आणि त्यात १५ गुणांचे चार प्रश्न असतील, तर प्रत्येकाला २८ मिनिटं द्या. ८ मिनिटं प्रश्नक्रमांक आणि पुरवण्या तपासायला उरतात. जेल पेन निसटत असेल तर जाड पकडीचं बॉलपेन वापरा. चाळिशी लागली असेल तर सरावही त्याच चष्म्याने करा, आणि हातात साधं काट्याचं घड्याळ ठेवा. स्मार्टवॉच बहुतेक केंद्रांवर बाहेरच ठेवायला लावतात.