अ‍ॅडेप्टिकॉनचा पहिला दिवस: आर्मी घेऊन मिलवॉकीला पहिल्यांदाच चाललात तर

कोणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. घरी, मित्राच्या बेसमेंटमध्ये किंवा गावातल्या गेम स्टोअरमध्ये वॉरहॅमर, बोल्ट अ‍ॅक्शन, बॅटलटेक, लीजन असलं काहीतरी, म्हणजे छोट्या रंगवलेल्या पुतळ्यांचा (मिनिएचर, मिनी) टेबलावरचा युद्धाचा खेळ खेळलायत, निदान एक आर्मी, म्हणजे अशा मिनीजचा एक पूर्ण संच, रंगवून झालीय, आणि आता पहिल्यांदाच अशा खेळांच्या अ‍ॅडेप्टिकॉनसारख्या मोठ्या कन्व्हेन्शनला निघालाय, त्यांच्यासाठी हे आहे. शिकागो, नेपरव्हिल, मॅडिसन इकडे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि अ‍ॅडेप्टिकॉन तर २०२४ पर्यंत शॉमबर्गलाच व्हायचं, म्हणजे कित्येकांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, तरी आत पाऊल न टाकलेले बरेच जण आहेत. २०२५ पासून ते मिलवॉकीच्या बेअर्ड सेंटर या कन्व्हेन्शन सेंटरला गेलंय. मार्चचा शेवटचा आठवडा, बुधवार ते रविवार.

माझं म्हणणं एकच आहे, बुधवारी सगळं करायला जाऊ नका. पहिला दिवस हा बस्तान बसवायचा दिवस. आर्मी सुखरूप पोचली, बॅज हातात आला, हॉल पायाखालून गेला, एखादा निवांत गेम झाला आणि वेळेवर झोपलात, की पुढचे चार दिवस तुमचे. ज्यांचा बुधवार धावपळीत जातो त्यांचा शुक्रवार दुपारी कंबर धरून बसण्यात जातो, हे दरवर्षी दिसतं.

पोचायचं कसं ते पटकन सांगतो. शिकागोहून गाडीने साधारण नव्वद मैल, आय-९४ वर ट्रॅफिक नसेल तर दीड तास. ट्रेन मला जास्त आवडते, युनियन स्टेशनवरून अ‍ॅमट्रॅकची हायवाथा पकडायची, दीड तासात मिलवॉकी इंटरमोडल स्टेशन, तिथून बेअर्ड सेंटर चालत दहा-बारा मिनिटं. ओहेर विमानतळावर उतरणार असाल तर ब्लू लाइन मेट्रोने क्लिंटन स्टेशनला उतरा, युनियन स्टेशन तिथून जवळच. मिलवॉकीच्या विमानतळाला पण हायवाथा थांबते. थंडीचं मात्र गांभीर्याने घ्या, मार्च संपत आला तरी लेक मिशिगनवरून येणारा वारा बोचतो आणि बर्फही पडू शकतो. हिल्टन आणि हयात ही दोन हॉटेलं स्कायवॉकने सेंटरला जोडलेली आहेत, म्हणजे हातात आर्मीचा ट्रे घेऊन बाहेर थंडीत यायची गरजच पडत नाही, पण तिथल्या खोल्या लवकर संपतात.

विमानाने येत असाल, अगदी पुण्या-मुंबईहून का असेना, तर आर्मी केबिन बॅगेतच ठेवा. चेक-इनला कधीच देऊ नका, कितीही चांगला फोम असला तरी. सिक्युरिटीवाले बॅग उघडणार हे धरूनच पॅक करा, कारण ते तपासत असताना तुम्हाला हात लावू देत नाहीत, म्हणून अगदी वर एक कागद ठेवायचा, मोठ्या अक्षरात, की आत हाताने रंगवलेली नाजूक खेळणी आहेत, कृपया थर सावकाश उचला. उपयोग होतो. हॉबी नाइफ आणि ब्लेड चेक-इनमध्ये. स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर) दोन्हीकडे चालत नाही, ज्वलनशील असतो, तो घरीच ठेवा. ग्लू तिथेच विकत मिळतो.

मिनीज न्यायला फोम की मॅग्नेट यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझं मत मॅग्नेट. मिनीच्या बेसखाली, म्हणजे ती उभी असते त्या चकतीखाली, छोटं मॅग्नेट, खाली लोखंडी पत्रा असलेला डबा, आणि मिनीला वरून काही टेकत नाही म्हणजे भाल्याची टोकं, अँटेना, पंख शाबूत राहतात. फोममध्ये रंग घासला जातो, विशेषतः कडांवरचा. फक्त मोठे मॉडेल, टँक किंवा ड्रॅगन, यांना एका मॅग्नेटवर सोडू नका, दोन-तीन लावा आणि घरीच डबा उलटा करून हलवून बघा.

आता बॅज. इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. बॅज म्हणजे फक्त आत जायची परवानगी. टुर्नामेंट, पेंटिंगचे क्लास, शिकवणीचे गेम यांची तिकिटं वेगळी असतात आणि ती आदल्या वर्षाच्या शेवटाकडे रजिस्ट्रेशन उघडतं तेव्हाच भराभर जातात. चांगल्या पेंटरचे क्लास तर लगेच भरतात. काही मिळालं नसलं तरी निराश होऊ नका, ओपन गेमिंगची टेबलं असतात आणि कोणी न आल्यामुळे ऐनवेळी जागा रिकाम्या होतातच, सरळ त्या इव्हेंटच्या टेबलापाशी सुरुवातीला पाच मिनिटं आधी जाऊन उभं राहायचं आणि नम्रपणे विचारायचं. बॅज घ्यायची रांग बुधवारी सकाळी सगळ्यात मोठी असते, त्यामुळे आदल्या संध्याकाळी गावात असाल आणि काउंटर उघडा असेल तर तेव्हाच घेऊन टाका. त्या वर्षीचं वेळापत्रक डाउनलोड करून फोनमध्ये ठेवा.

बॅज गळ्यात पडला की पहिलं काम म्हणजे आर्मी उघडणं. व्हेंडर हॉल नाही, आर्मी. खोलीवर किंवा एखाद्या रिकाम्या टेबलावर सगळ्या मिनीज बाहेर काढा, ट्रेवर मांडा, आणि एक फोटो काढा. वरून, सगळं दिसेल असा. हा फोटो पाचही दिवस कामाला येतो कारण रोज रात्री ट्रे त्याच्याशी पडताळायचा, आणि एखादी मिनी टेरेनच्या, म्हणजे टेबलावर मांडलेल्या भिंती-इमारती-जंगलांच्या, आतल्या बाजूला, पडक्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहून गेली असेल तर त्याच रात्री कळतं, घरी पोचल्यावर नाही. डब्यावर, ट्रेवर, डाइसच्या पिशवीवर नाव आणि फोन नंबर चिकटवा. काही मोडलं असेल तर ते आत्ताच जोडा, सुपर ग्लू, चिमटा, छोटी पिन, आर्मीचे तीन-चार मुख्य रंग आणि एक ब्रश एवढं एका डब्यात बरोबर असू द्या. ट्रे पण हवाच, खरंच हवा. दोन राउंडच्या मध्ये टेबल बदलायला मिळतात थोडी मिनिटं, तेवढ्यात साठ मिनीज डब्यात भरणं आणि परत काढणं होत नाही. कडा उंच असलेला कुठलाही ट्रे चालतो, फक्त टेबलाखाली मावायला पाहिजे.

मग चाला. हॉलभर, काही विकत न घेता. कुठलं टेबल कुठे, टॉयलेट कुठे, पाणी कुठे भरायचं, तुमची टुर्नामेंट कुठल्या मजल्यावर. पाठीवरची सॅक मात्र काढून हातात घ्या किंवा खोलीवर ठेवा, दोन टेबलांच्या मधल्या फटीतून जाताना मागे वळलात की सॅक कोणाच्या तरी सहा महिन्यांच्या मेहनतीवर जाऊन आदळते. आणि दुसऱ्याच्या मिनीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कधीच. गेम चालू असतानासुद्धा समोरच्याची मिनी हलवायची वेळ आली तर त्याला सांगा, तो हलवेल. फोटो काढायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण विचारा, कारण त्या एका प्रश्नावरूनच गप्पा सुरू होतात, कुठला वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) वापरला, बेसवरचा चिखल कसा केला, आणि माणसं मनापासून सांगतात. कुठल्याही व्हिडिओपेक्षा इथे जास्त शिकायला मिळतं.

पेंटिंग स्पर्धेत काही द्यायचं असेल तर ते पहिल्याच दिवशी उरकण्यासारखं काम. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपची गोल्डन डीमन ही पेंटिंग स्पर्धा १९८७ मध्ये इंग्लंडात सुरू झाली, २०२३ पासून ती अ‍ॅडेप्टिकॉनलाही होतेय, आणि सगळ्यात उत्तम एन्ट्रीला स्लेयर स्वोर्ड म्हणजे खरीखुरी तलवार मिळते. एन्ट्री देण्याची शेवटची वेळ असते आणि ती पाळतात. एन्ट्री द्यायची नसली तरी कपाटांसमोर अर्धा तास घालवा. फोनवर बघितलेली मिनी आणि डोळ्यासमोर तीन सेंटीमीटरची तीच मिनी, डोळ्यातल्या बाहुलीसकट, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरेदीबद्दल. एखादी गोष्ट तिथेच मिळणारी किंवा मोजक्या संख्येत आणलेली असेल आणि ती तुम्हाला खरंच हवी असेल तर व्हेंडर हॉल उघडल्या उघडल्या सरळ त्याच स्टॉलवर जा, घ्या आणि बाहेर पडा. बाकी सगळं थांबू शकतं. पहिल्या दिवशीचा उत्साह खिशाला महागात पडतो, वर ते खोके पाच दिवस सांभाळायचे आणि परत न्यायचे. शेवटच्या दिवशी काही विक्रेते माल परत न्यायला नको म्हणून भाव कमी करतात, तेव्हा बघा.

गेम कुठला खेळायचा? बुधवारी शक्यतो तुम्ही कधी न खेळलेला. डेमो टेबलवर समोरचा माणूस नियम शिकवायलाच बसलेला असतो, मिनीज त्यांच्या, टेरेन त्यांचं, तासाभरात एक नवी सिस्टीम कळते. टुर्नामेंटच खेळायची असेल तर तयारीत जा, फॉर्टी-केचा (वॉरहॅमर ४०,०००) मोठा गेम म्हणजे २००० पॉइंट्स, टेबल ६० बाय ४४ इंच, आणि वेळ साधारण तीन तास, ज्यात एकाच गेमचे पाच राउंड संपवायचे असतात. आर्मीची लिस्ट आधीच अ‍ॅपवर टाकलेली असली तरी दोन प्रिंट बरोबर ठेवा, फोनची बॅटरी तिसऱ्या गेमला मान टाकते. आर्मी पूर्ण रंगवलेली आणि बेस सजवलेली पाहिजे, अर्धवट प्रायमर मारलेली आणू नका.

टेबलावरची वागणूक हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. गेम सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं टेरेनवर बोलून घ्या, ही भिंत आरपार दिसते का, या जंगलाचं काय, तिरका पडलेला डाइस परत टाकायचा का. मग खेळताना मनातलं बोलून दाखवा, "मी हे युनिट इथे ठेवतोय म्हणजे तुझ्या त्या टँकला दिसायला नको, बरोबर ना?" एवढं वाक्य बोललं की निम्मे वाद होतच नाहीत. अडलंच तर आवाज न चढवता जजला बोलवा, तो त्यासाठीच आहे, जज बोलवणं म्हणजे समोरच्यावर आरोप नव्हे. वेळ पुरत नसेल तर आपला टर्न पटापट उरका, समोरच्याचा वेळ खाऊ नका. हरलात तरी त्याच्या आर्मीबद्दल एक चांगलं खरं वाक्य बोला.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. हिस्टॉरिकल गेमची टेबलं बघायला विसरू नका. तिथे नेपोलियनच्या काळातलं खेळणारे लोक असतात आणि त्यांना वेलिंग्टन म्हटलं की वॉटर्लू आठवतं, पण त्यातल्या जाणत्यांना असईची लढाईसुद्धा माहीत असते. २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यातलं गाव, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या कवायती फौजा आणि तोफा, समोर वेलस्लीची, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनची, लहानशी फौज, आणि जिंकूनही त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठा फौजेच्या मिनिएचर्स मिळतात, छोट्या कंपन्या बनवतात. तुम्ही तो मुलूख पाहिलेला असेल तर नदीचे उतार, काळी माती, गावकुसाच्या मातीच्या भिंती कशा असतात हे सांगा, टेरेन बनवणारा माणूस ते कान देऊन ऐकतो. कोणीतरी मराठी मुलाने एक दिवस असईचं पूर्ण टेबल तिथे मांडावं असं मला फार वाटतं.

आणि ही जागापण साधी नाही बरं का. जेन कॉन हे मोठं गेमिंग कन्व्हेन्शन १९६८ मध्ये इथून तासाभराच्या अंतरावरच्या लेक जिनीव्हात सुरू झालं, आणि १९८५ ते २००२ मिलवॉकीतच भरायचं. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे चेनमेल हे मध्ययुगीन मिनिएचर्सचे नियम १९७१ चे, त्यातूनच पुढे डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा रस्ता निघाला. म्हणजे मिनिएचर्सवाले इथे पाहुणे नाहीत.

खाण्याचं बघा. सेंटरमधली रांग दुपारी बारा ते दीड फार असते, अकराला किंवा दोनला खा. वेळ असेल तर मिलवॉकी पब्लिक मार्केटला जा, चालत पंधरा-वीस मिनिटं, द हॉप नावाची ट्राम त्या बाजूला जाते आणि ती फुकट आहे. शाकाहाऱ्यांना तिथे निवड बरी मिळते. बरोबर न्यायचं तर कोरडं न्या, राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, दशम्या. चिवडा, भाकरवडी खोलीवर खा, कारण तेलकट हळदीचा हात पांढऱ्या चिलखताला लागला की डाग जात नाही आणि मिनी दुसऱ्याची असेल तर फारच वाईट. पाण्याची बाटली झाकणाची, आणि टेबलावर नाही, खाली. बूट जुने, पायाला सरावलेले, खालची फरशी कडक असते आणि दिवसाचे आठ-दहा तास उभ्यानेच जातात.

बुधवारी संध्याकाळी गेम्स वर्कशॉपचा प्रिव्ह्यू, म्हणजे नव्या गोष्टींची झलक, असला तर बसा. २०२३ मध्ये फॉर्टी-केची दहावी एडिशन अशीच बुधवारी रात्री इथे जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी हॉलभर तेवढाच एक विषय होता. त्यानंतर मात्र खोलीवर जा. ट्रे फोटोशी पडताळा, जे मोडलं ते जोडा म्हणजे सकाळपर्यंत ग्लू पक्का होईल, डाइस मोजा, टेप मेझर ट्रेमध्ये ठेवा, फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा, आणि गुरुवारच्या पहिल्या गेमचा टेबल नंबर आला असेल तर तो बघून अलार्म लावा.