मध्यरात्री डायनरमध्ये जेवायचे असेल तर

अमेरिकेत डायनर या उपाहारगृहाचा जन्मच रात्रपाळीतून झाला आहे. रोड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात 1872 मध्ये वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने घोडागाडीतून वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर रात्री खाद्यपदार्थ विकण्यास सुरुवात केली, आणि त्याच गाडीची पुढे कारखान्यात तयार होणारी, रेल्वेच्या डब्यासारखी लांबट खोली झाली. या खोल्या बांधणारे अनेक कारखाने न्यू जर्सीत होते, म्हणून जुना डायनर पाहायचा तर एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना फार दूर जावे लागत नाही.

मात्र निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा. पाटीवर ‘24 तास’ असे निऑनमध्ये झळकत असले, तरी कोरोनाच्या साथीनंतर अनेक डायनरांनी रात्रीची सेवा बंद केली आणि पाटी मात्र तशीच राहू दिली. जागा खरोखर जुनी आहे की जुनेपणाचा साज चढवलेली आहे, हे ओळखण्यासाठी बाहेरचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, जमिनीत रोवलेली गोल फिरती स्टुले आणि दाराजवळची छोटी धातूची पट्टी पाहावी. तिच्यावर ओ’माहोनी, कुलमन किंवा फोडेरो असे बांधणाऱ्या कारखान्याचे नाव सापडले, तर शंकेला जागा उरत नाही.

एकटे किंवा दोघे असाल तर काउंटरवरच बसावे. चौघांच्या बाकड्यावर एकट्याने ठाण मांडणे गर्दीच्या वेळी शिष्टसंमत नाही, आणि काउंटरवरून स्वयंपाक्याचा मोठा सपाट तवा दिसतो, हा लाभ निराळाच. तो तवाच आपला मार्गदर्शक समजावा. हाती येणारे मेनूकार्ड वहीएवढे जाड असते आणि त्यात ग्रीक मुसाकापासून लॉबस्टरपर्यंत सारे काही असते, कारण न्यू जर्सीतील कित्येक डायनर ग्रीक कुटुंबांनी चालवले आहेत आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाही हा या धंद्याचा बाणा आहे. परंतु रात्री दोन वाजता आत बहुधा एकच माणूस उभा असतो, आणि त्याच्याकडून लॉबस्टरची अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय आहे व आपल्या पोटावरही. जे तव्यावर होते ते मागवावे, म्हणजेच रात्री नाश्ता करावा.

अंडी मागवताच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, तिची उत्तरे तयार ठेवावीत. ‘सनी साइड अप’ म्हणजे न उलटता, बलक वर ठेवून; ‘ओव्हर ईझी’ म्हणजे उलटून, पण बलक पातळ; ‘ओव्हर हार्ड’ म्हणजे पूर्ण घट्ट. टोस्ट कोणता, असे विचारल्यास ‘राय’ या धान्याच्या पावाचा सांगावा. त्यात बहुधा शहाजिरे असते आणि अंड्याशी ते छान जमते. सोबत येणारे ‘होम फ्राइज’ म्हणजे तव्यावर परतलेल्या बटाट्याच्या फोडी. चांगल्या साधल्या तर आपल्या काचऱ्यांची आठवण होते, नाही साधल्या तर उकडलेल्या बटाट्याची. डुकराचे मांस चालत असेल त्यांनी अंडे व चीज घातलेला टेलर हॅमचा रोल अवश्य खावा. हे मांस ट्रेंटनच्या जॉन टेलर यांनी 1856 मध्ये तयार केले. राज्याच्या दक्षिण भागात मात्र त्याला ‘पोर्क रोल’च म्हणतात, तेव्हा तिकडे वाद घालू नये.

शाकाहारी मंडळींनी जरा चौकस राहावे. ग्रिल्ड चीज सँडविच टोमॅटो घालून मागवता येते, पण ते बेकनच्याच तव्यावर भाजले जाते. हे चालत नसेल तर तसे आधी विचारावे. भाज्यांच्या सुपात कोंबडीचे किंवा गोमांसाचे पाणी असू शकते. ‘डिस्को फ्राइज’ या बटाट्याच्या तळलेल्या सळ्यांवर चीजसोबत ओतलेली तपकिरी ग्रेव्हीही बहुधा मांसाचीच असते, म्हणून ती वगळून द्यायला सांगावे. पॅनकेकच्या पिठात अंडे असते. ‘एग क्रीम’ या पेयात मात्र, नावात दोन्ही असूनही, ना अंडे असते ना साय. ते दूध, सोडा आणि चॉकलेटचे सरबत एवढ्यावरच भागते.

कॉफी पातळ असते आणि एकदा घेतली की पुन्हा पुन्हा भरून मिळते. नको असेल तेव्हा कपावर हात धरावा, एवढी खूण पुरते. झोप उडवायची नसेल तर नारिंगी कडेच्या भांड्यातली मागावी. तो रंग कॅफिन काढलेल्या कॉफीचा.

बिल टेबलावर उलटे ठेवले जाते, परंतु अनेक ठिकाणी पैसे इराण्याच्या हॉटेलातल्याप्रमाणे दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे असतात. न्यू जर्सीत त्यावर 6.625 टक्के विक्रीकर लागतो. टीप मात्र टेबलावर, शक्यतो रोख ठेवावी: साधारण 20 टक्के, कारण वाढणाऱ्यांचे मूळ वेतन टीप गृहीत धरूनच कमी ठेवलेले असते. केवळ कॉफीवर दोन तास बसला असाल तर बिलाची टक्केवारी काढत बसू नये. दोन-तीन डॉलर जास्तच ठेवावेत आणि उठावे.