घरून लॅबचं सॉफ्टवेअर: नेट तुटलं तरी काम चालू ठेवा

गोव्यात सत्तरी-काणकोणकडे पाऊस धरला की वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. घरून लॅबच्या संगणकावर मॅटलॅब (आकडेमोडीचं) किंवा ऑटोकॅड (आराखड्यांचं) सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी विंडोजच्या ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’मध्ये, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवण्याच्या सोयीत, एवढं करावं:

१. आधी व्हीपीएन (लॅबच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडा, मग ‘शो ऑप्शन्स’ उघडा.
२. ‘डिस्प्ले’मध्ये रंग १६ बिट, ‘एक्स्पीरियन्स’मध्ये सर्वांत कमी वेग निवडा. मोबाइल हॉटस्पॉटवर माउस अडखळतो तो यानेच बराच सुटतो.
३. ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये ‘मोअर’ दाबून आपली ड्राइव्ह टिक करा. फाइल तिथूनच उघडू नका, फार रेंगाळते. आधी लॅबच्या संगणकावर कॉपी करा.

मध्येच नेट गेलं तर घाबरू नका. तुटते ती फक्त जोडणी. गणित तिकडे चालूच राहतं. त्याच नावाने पुन्हा शिरलात की तीच खिडकी समोर येते. मात्र तुटलेलं सत्र किती वेळ ठेवायचं हे लॅब ठरवते, तेवढं विचारून घ्या.

काम संपल्यावर फाइल परत घरी कॉपी करा आणि स्टार्टमधून ‘साइन आउट’ करा. नुसती फुली दाबली तर सॉफ्टवेअर उघडंच राहतं, लायसन्स अडकतं आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला जागा मिळत नाही.