टायमिंग चेन टेन्शनर : या चुका टाळा

इंजिनातला क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका मेळात फिरवायचं काम टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन करते. टायमिंग बेल्टची गाडी वापरून झालेल्या माणसाला चेनवाली गाडी घेतली की हायसं वाटतं. बेल्ट ठरलेल्या अंतरानंतर बदलावाच लागतो, चेन म्हणजे 'लाइफटाइम'. चेनबद्दल हे एक वेळ मान्य करू. पण तिला ताणून धरणारा टेन्शनर आणि ती ज्यांवरून घासत फिरते त्या प्लास्टिकच्या गाइड लाइफटाइम नसतात. बीएमडब्ल्यूच्या एन२० इंजिनाची बदनामी या गाइडमुळेच झाली.

एक गोष्ट आधी समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. बहुतेक आधुनिक इंजिनांत टेन्शनर हायड्रॉलिक असतो : छोटासा सिलिंडर, आत प्लंजर, प्लंजरमागे स्प्रिंग. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर प्लंजरला बाहेर दाबून धरतं. इंजिन बंद केलं की प्रेशर जातं, आणि मग भिस्त उरते ती स्प्रिंगवर आणि प्लंजरला मागे सरकू न देणाऱ्या रॅचेटवर. म्हणजे टेन्शनरची खरी परीक्षा हायवेवर होत नाही. ती होते गाडी उभी असताना आणि स्टार्ट मारल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत. चेन तुटण्यापेक्षा सैल पडून स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) दात सोडण्याचे प्रकार जास्त, आणि तेही बहुधा याच वेळी.

सकाळचा खडखडाट 'थंडीमुळे असेल' म्हणून सोडून देणं

रात्रभर उभ्या गाडीचं बोनेट उघडा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा. टायमिंग कव्हरच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात साखळी हलवल्यासारखा आवाज आला आणि प्रेशर येताच थांबला, तर संशय टेन्शनरवर घ्यायचा. हा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. गॅरेजला पोहोचेपर्यंत इंजिन गरम होतं, आवाज गायब होतो आणि मेकॅनिक 'काही नाही, साहेब' म्हणून परत पाठवतो. त्यात त्याची चूक नसते.

मात्र प्रत्येक आवाज टेन्शनरचा नसतो. हेडच्या वरून येणारी एका तालातली टिकटिक बहुधा टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागाची) असते. व्हीव्हीटीचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा, फेजर नीट लॉक झाला नाही तरी थंड स्टार्टला थोडा वेळ खडखड होते. आणि सगळ्यात स्वस्त शक्यता : ऑइल फिल्टर. त्याच्यातला ऑइल मागे उतरू न देणारा व्हॉल्व्ह निकामी असेल तर रात्रीत ऑइल खाली उतरतं आणि सकाळी प्रेशर यायला उशीर लागतो. म्हणून कव्हर खोलण्याआधी चांगल्या दर्जाचा फिल्टर बदलून बघा. गरम इंजिनलाही आवाज येऊ लागला असेल, तर मात्र प्रयोग करत बसू नका.

ऑइलकडे फक्त सर्व्हिसपुरतं बघणं

टेन्शनरचं काम ऑइलवर चालतं, त्यामुळे डिपस्टिकवरची पातळी हा त्याच्या देखभालीचा निम्मा भाग आहे. ऑइल खाणारं इंजिन असेल तर दोन सर्व्हिसच्या मध्ये पातळी किमान खुणेखाली जाते, वळणावर पंप हवा ओढतो आणि प्लंजर ढिला पडतो. जुनं, काजळी धरलेलं ऑइल आणखी एक नुकसान करतं. चेन 'लांबते' असं आपण म्हणतो, पण धातू ताणला जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश थोडी थोडी झिजते आणि ती सगळी झीज मिळून चेन लांब होते. डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांत काजळी जास्त होत असल्यामुळे ऑइल बदलण्याचं अंतर ताणणं यांना फार जड जातं. जवळच्या जवळच गाडी फिरवत असाल तर कंपनीने दिलेल्या कमाल अंतराच्या बरंच आधी ऑइल बदला.

आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल घालायचा सल्लाही मिळतो. थंडीत जाड ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचतं, म्हणजे दुखणं वाढतंच.

चढावर गाडीचा भार गिअरवर सोडणं

ही चूक फारशी कुणाला माहीत नसते. हँडब्रेक न लावता, किंवा अर्धवट लावून, गाडी गिअरमध्ये उभी केली की तिचं वजन इंजिनवर येतं आणि क्रँक किंचित उलटा फिरू शकतो. उलट फिरताना ताण चेनच्या नेमक्या टेन्शनरवाल्या बाजूला येतो. ऑइलचं प्रेशर नाही, त्यात रॅचेट कमजोर. प्लंजर आत दबतो आणि पुढच्या स्टार्टला चेन उडी मारते. फोक्सवॅगनच्या ईए८८८ इंजिनातल्या सुरुवातीच्या टेन्शनरचं रॅचेट याबाबतीत कुप्रसिद्ध होतं. पुढे डिझाइन बदललं. छोट्या ईए१११ टीएसआयच्या जागी आलेल्या ईए२११ मध्ये तर कंपनी थेट बेल्टवर गेली. उपाय साधा : ब्रेकवर पाय ठेवून न्यूट्रल, मग हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडीला त्यावर बसू द्या आणि शेवटी गिअर टाका.

कोड पुसून पुढे जाणं

स्कॅनर लावल्यावर दिसणारा पी००१६ किंवा पी००१७ हा एरर कोड म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. सेन्सर बदलून कोड पुसणं सोपं, म्हणून तेच आधी होतं. सेन्सर किंवा वायरिंगचा दोष असूही शकतो, पण स्कॅनरवर कॅमच्या स्थितीतला फरक अंशांत दिसत असेल तर तो बघितल्याशिवाय नवा सेन्सर घेऊ नका.

फक्त टेन्शनर बदलून मोकळं होणं

चेन मोजून ठीक निघाली आणि जुन्या डिझाइनचा टेन्शनर आधीच बदलून टाकायचा असेल, तर हे चालतं. चेन लांबली असेल तर नवा टेन्शनर थोड्याच दिवसांत शेवटच्या खाचेपर्यंत बाहेर येईल. तेव्हा चेन, गाइड, टेन्शनर असा पूर्ण किट घ्या. ज्या बोल्टला ठरलेल्या अंशात ताणून बसवायचं असतं ते पुन्हा वापरू नका. क्रँक-कॅम जागेवर धरणाऱ्या लॉकिंग टूलशिवाय, पेनाने खुणा करून काम करणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. टेन्शनरची लॉक पिन (बसवताना प्लंजर आत धरून ठेवणारी) काढल्यावर क्रँक पान्याने चालायच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत जुळवायच्या, उलटा अजिबात फिरवायचा नाही. गाइड तुटली असेल तर ऑइल चेंबर उतरवा. प्लास्टिकचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकले की नव्या टेन्शनरलाही ऑइल मिळणार नाही.

आणि कधी स्टार्ट मारताना स्टार्टर एकदम हलका, सुसाट फिरला आणि इंजिन पकडेना, तर तिथेच थांबा. दात सुटल्याची ती खूण असू शकते, आणि बहुतेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. प्रत्येक जादा प्रयत्नाने वाकलेल्या व्हॉल्व्हची संख्या वाढते. धक्का स्टार्टही नको. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून टो करून न्या. चेन जुळवल्यावर हेड खोलण्याआधी लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती गळते का ते बघणं) करून घ्या, व्हॉल्व्ह वाचले असतील तर ते तिथेच कळेल.