धामण ओळखताना या चुका टाळा

"धामणच आहे, सावकाश या." फोनवर हे वाक्य ऐकलं की मी गाडी जोरात काढतो. वीस वर्षं साप पकडतोय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटते.

धामण हा बिनविषारी साप, पण तिच्यात आणि विषारी नागात लोक गल्लत करतात. धामण रंगावरून ओळखायची, ही सगळ्यात घातक चूक. धामण पिवळसर असते, करडी असते, तपकिरी असते, कधी जवळजवळ काळीही. नागाचंही तेच. ऑगस्टमधल्या एका सकाळी गोठ्यामागच्या सरपणात साप असल्याचा फोन आला. पोचलो तर घरातल्या कॉलेजच्या पोराने शेपटी मुठीत धरलेली. "काका, धामण आहे, धरून ठेवलीय." अंग पिवळट-तपकिरी, चारेक फूट लांब. पुढचा भाग लाकडांत होता. मी खाली वाकून डोकं शोधलं. ओंडक्यांच्या फटीत ते दिसलं आणि पोटात गोळा आला. ओठांवर एकही काळी रेघ नव्हती, आणि मान जवळपास डोक्याइतकीच रुंद. "हिसका देऊ नकोस. हळूच सोड आणि मागे ये." त्याने सोडली, तो दोन पावलं मागे सरला, तेवढ्यात सापाने वळून फणा काढला. मागे दहाचा आकडा स्पष्ट होता. पोरगा नंतर अर्धा तास पायरीवर बसून होता, आईने दिलेलं पाणीही त्याच्या घशाखाली उतरेना.

त्याने चार व्हिडिओ पाहिले होते. व्हिडिओत साप नेहमी फणा काढूनच दिसतो, म्हणून फणा नाही म्हणजे नाग नाही असं पोरं धरून चालतात. नाग बिथरला तरच फणा काढतो. एरवी सरपटताना मान साधीच असते.

माझी सवय सांगतो. सापाच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर थांबतो आणि आधी ओठ बघतो. लागलं तर मोबाइलवर फोटो मोठा करून. धामणीच्या ओठांवर खवल्यांच्या सांध्यांवर उभ्या काळ्या रेघा असतात, बारीक ब्रशने ओढाव्यात तशा. डोळा मोठा, मान डोक्याहून बारीक, आणि अंगाच्या मागच्या भागावर काळसर जाळी किंवा तुटक आडवे पट्टे. ओठ दिसले नाहीत तर तो नागच, असं समजून वागतो. यात घाई करणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

डोळ्याची बाहुली गोल म्हणजे बिनविषारी, हा नियम विसरा. नाग आणि मण्यार दोघेही विषारी, आणि दोघांचीही बाहुली गोल असते. विषारी सापाचं डोकं त्रिकोणीच, हेही मण्यारीपुढे टिकत नाही. दिवसा दिसला म्हणून धामण ठरवू नका, नागही दिवसा फिरतो.

कोपऱ्यात कोंडलेली धामण गळा फुगवून घशातून गुरगुरते आणि अंगावर झेपावते. मग लोक "नाग, नाग" म्हणून काठ्या आणतात. धामणीचा गळा वर-खाली फुगतो, नागाचा फणा आडवा पसरतो. एकदा नीट बघितलं की फरक डोक्यात बसतो.

दुसरी चूक ऐकून मी खरंच थकलोय: धामण म्हणजे नागाची मादी. नागात नर-मादी दोन्ही असतात, धामणीतही. दोघांच्या जाती वेगळ्या. मे-जूनमध्ये दोन लांब साप एकमेकांना पीळ घालून उभे राहतात, तेव्हा "नाग-धामणीचं मीलन" म्हणून गाव जमतं. कुणी त्यांच्यावर नवं कापड टाकायला धावतं, तिजोरीत ठेवलं की बरकत येते म्हणून. ते दोन्ही धामणीचे नर असतात. एकमेकांना खाली दाबायची ती ताकदीची झुंज. हरलेला निघून जातो. गर्दीने घेरलं की दगड पडतात आणि दोघेही मरतात, हे मी पाहिलंय.

धामण गाईचं दूध पीत नाही. गोठ्यात येते ती पेंढ्यातल्या उंदरांसाठी. शेपटीत काटा किंवा विष नसतं.

बिनविषारी म्हणून शेपटीला धरून लटकवू नका, मणक्याला इजा होते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहे. धामण चावली तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जा. साप कोणता याची खात्री नसेल तर ब्लेड, दोरी, मांत्रिक यांत वेळ घालवू नका, प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा.

घरात शिरली तर आतलं दार लावून बाहेरचं उघडं ठेवा, बहुतेक वेळा ती स्वतःच जाते. नाही गेली तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. मी पकडलेली धामण लांबच्या जंगलात नेत नाही. त्याच शिवारात, वस्तीपासून जरा बाजूला, भाताच्या बांधावर सोडतो. पिशवीचं तोंड उघडलं की ती क्षणभर जीभ लपलपवते आणि थेट उंदरांच्या बिळांकडे निघते.